आधी जिना

इंग्लंडमध्ये मुलं मोठी झाली, किंवा घरातूनच नोकरी करायची वेळ आली, की कुटुंबाची नजर छताकडे जाते. मागची बाग स्वयंपाकघर वाढवताना आधीच निम्मी संपलेली असते. घर बदलायचं तर मुद्रांक शुल्क, दलाली आणि मुलांची शाळा आड येते. डोक्यावर मात्र कौलांखालची एक त्रिकोणी पोकळी पडून असते. तिथे पाण्याची टाकी, रिकाम्या बॅगा आणि वर्षातून एकदा उतरवायच्या वस्तूंचे खोके असतात. या पोकळीची खोली करायची म्हटलं की चार नावं समोर येतात. पहिलं रूफलाइट, म्हणजे छपराचा आकार तसाच ठेवून उतारात फक्त खिडक्या बसवायच्या. दुसरं डॉर्मर, म्हणजे उतारातून ड्रॉवर ओढून काढल्यासारखी उभ्या खिडकीची पेटी बाहेर काढायची. तिसरं हिप-टू-गेबल, म्हणजे चौपाखी छपराची एक बाजू दुपाखी करायची. चौथं मॅन्सार्ड, म्हणजे छप्पर उतरवून जवळपास उभ्या भिंतींचा नवा मजलाच चढवायचा. मग कुठल्या प्रकारात किती जागा मिळते आणि किती खर्च येतो याची तुलना सुरू होते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. कोणता प्रकार घ्यायचा हे जिना ठरवतो: तो खालच्या मजल्यावर कुठून निघतो, वर कुठे पोचतो, आणि पोचणाऱ्या माणसाच्या डोक्यावर किती उंची उरते. हे तीन मुद्दे सुटले की बहुतेक घरांत निवडायला फारसं काही राहत नाही, आणि ते सोडवले नाहीत तर निवडलेला प्रकार पुढे वर्षानुवर्षं डोक्याला लागत राहतो.

थोडा हिशेब करून पाहू. एका व्हिक्टोरियन घराच्या माळ्यावर आजच्या तुळयांपासून आढ्यापर्यंत २.७ मीटर उंची आहे असं धरू. पाहायला आलेला माणूस मध्यभागी उभा राहतो, हात वर करतो, आणि भरपूर जागा आहे म्हणतो. पण खालच्या खोलीचं छत धरून ठेवणाऱ्या त्या तुळया जेमतेम १० सेंटिमीटर खोल असतात. पलंग, कपाटं आणि माणसं पेलण्यासाठी त्या कधी बसवल्याच नव्हत्या. त्यांच्या मधून जास्त खोल अशा नव्या तुळया टाकाव्या लागतात, त्यावर फळ्या येतात आणि जमीन वर सरकते. वाशांच्या खाली उष्णतारोधक थर आणि प्लास्टरबोर्ड येतो, म्हणून छत खाली सरकतं. हाती उरतात २.४ मीटर. छपराचा उतार ४० अंशांचा असेल तर आढ्यापासून एक मीटर बाजूला गेलं की उंची ८४ सेंटिमीटरने कमी होते. म्हणजे २ मीटरची उंची मिळते ती आढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून फक्त ९५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. संपूर्ण माळ्याचं क्षेत्रफळ कागदावर कितीही दिसो, उंच माणूस न वाकता चालू शकतो तो या पट्ट्यातच.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांना जिन्यावर डोक्यापाशी हीच २ मीटरची उंची हवी असते. माळ्यासाठी थोडी सवलत आहे: मध्यावर १.९ मीटर आणि कडेला १.८ मीटर चालते. तरीही तो पट्टा १.२ मीटरच्या आसपासच राहतो. शिवाय घरगुती जिन्याचा चढ ४२ अंशांहून जास्त नसावा आणि पायरी २२ सेंटिमीटरहून उंच नसावी. दोन मजल्यांच्या जमिनींत २.६ मीटर अंतर असेल तर २० सेंटिमीटरच्या तेरा चढणी होतात, आणि जिन्याला आडवी लांबी लागते साधारण २.७ मीटर. वर आणि खाली उभं राहायला जागा लागते ती वेगळी. आता अट अशी होते की ही २.७ मीटरची धाव खालच्या मजल्यावरच्या कुठल्याही खोलीचा जीव न घेता निघावी, आणि तिचं वरचं टोक बरोबर त्या अरुंद पट्ट्यात यावं. अवघड अट आहे, आणि छपराचा प्रकार हे तिचं उत्तर आहे.

रांगेतल्या दोन घरांकडे पाहिलं की हे स्पष्ट होतं. रस्त्यावरून दोन्ही घरं सारखीच दिसतात: विटांचा दर्शनी भाग, रस्त्याला समांतर आढं, स्लेटचं दुपाखी छप्पर. एकात जिना दाराजवळून निघून सामाईक भिंतीच्या कडेने मागे मागे चढत जातो. नवा जिना जुन्याच्या बरोबर वर बसवणं शहाणपणाचं, कारण त्याने खालची खोली कापली जात नाही. पण मग तोही पुढून मागे चढतो आणि वर पोचतो तो मागच्या पाख्याखाली, आढ्यापासून दूर, जिथे माणसाचं डोकं वाशांना लागतं. या घराला मागे डॉर्मर हवाच, आणि तो हवा जिन्यासाठी. खोली मोठी झाली तर तो वरचा लाभ. दुसरं घर लहान आहे, वर दोन आणि खाली दोन खोल्यांचं. त्यात जिना पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मधोमध आडवा चढतो, म्हणजे नेमका आढ्याला समांतर आणि बहुधा आढ्याच्या जवळपास खाली. इथे पाऊण मीटर रुंदीचा जिना त्या ९५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसू शकतो. छपराला हात न लावता, दोन खिडक्या उतारात बसवून, एक शांत खोली होते. रस्त्यावरून जुळे वाटणाऱ्या या दोन घरांना वेगवेगळं उत्तर मिळतं, आणि फरक पडतो तो निव्वळ जिन्याच्या दिशेने. शेजाऱ्यांनी केलं म्हणून आपणही तेच करू, हा विचार म्हणूनच फसतो. शेजाऱ्याच्या घरात जिना कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरं बांधली गेली. त्यांतली कितीतरी जुळी आहेत: एक भिंत सामाईक, एक बाजू मोकळी, आणि वर चौपाखी छप्पर. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झालं. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो ही उपनगरं याच घरांनी भरत होती तो हाच काळ. आज तिथल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक याच घरांत राहतात, म्हणून हा प्रकार आपल्या वाचकाला सर्वांत जवळचा. या घरांत जिना बहुतेक वेळा मोकळ्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला लागून असतो. वळणावर एक रंगीत काचेची खिडकी असते. आणि चौपाख्याचं तिसरं पाखं नेमकं त्या भिंतीकडेच उतरतं. म्हणजे जिथे जिना वर यायला हवा तिथेच छप्पर सर्वांत बुटकं. म्हणून हे पाखं काढून बाजूची भिंत आढ्यापर्यंत त्रिकोणी उचलतात. याला हिप-टू-गेबल म्हणतात, आणि या घरांत तो चैनीचा भाग नसतो. कोकणातलं चौपाखी कौलारू घर पाहिलेल्या कुणालाही हे लगेच उमगेल, कारण तिथेही माळ्यावरची शिडी मधल्या उंच भागाखालीच टेकवतात, कोपऱ्यातल्या उताराखाली कुणी टेकवत नाही.

याची एक किंमत आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. जुळ्या घरांची रचना आरशातल्या प्रतिमेसारखी केलेली असते. एका बाजूचं पाखं गेलं की जोडी लंगडी दिसते, आणि शेजारच्या कुटुंबाला त्यात काही म्हणता येत नाही, कारण हे काम बहुधा परवानगीशिवाय करता येतं. २०१५च्या सर्वसाधारण विकास आदेशानुसार इंग्लंडमध्ये रांगेतल्या घराला ४० घनमीटर आणि इतर घरांना ५० घनमीटर छप्परवाढ नियोजन-अर्जाविना चालते. त्याला अटी आहेत: रस्त्याकडच्या पाख्याच्या पुढे येता येत नाही, आढ्याहून उंच जाता येत नाही, सामग्री जुन्याशी मिळतीजुळती हवी, आणि वळचणीपासून साधारण २० सेंटिमीटर मागे राहावं लागतं. संवर्धन क्षेत्रातल्या घरांना आणि फ्लॅटना ही मुभा नाही. माझा आक्षेप मुभेवर नाही, तिच्या वापरावर आहे. ५० घनमीटर ही कमाल मर्यादा आहे. ती पूर्ण भरली नाही तर काही बुडतं असा समज विनाकारण पसरला आहे. जिन्यासाठी पाखं उभं करावं लागलं तर करावं. पण त्यानंतर मागच्या बाजूला भिंतीपासून भिंतीपर्यंत डबा चढवणं हा वेगळा निर्णय आहे, आणि त्याचं कारणही वेगळं द्यायला हवं.

मॅन्सार्डबद्दल एक गैरसमज आहे की तो फक्त श्रीमंतांचा हट्ट. फ्रान्सुआ मांसार या सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुविशारदाचं नाव त्याला चिकटलं, आणि पॅरिसच्या रुबाबदार छपरांमुळे तो थाटाचा वाटतो. लंडनमध्ये त्याची गरज मात्र रुबाबातून आलेली नाही. १६६६च्या आगीनंतर शहर आगीला घाबरलेलं होतं. १७०७च्या कायद्याने लाकडी वळचणींऐवजी विटांचा कठडा आणला. त्या कठड्याच्या मागे अनेक घरांना आत उतरणारं छप्पर बसलं, दोन पाखी मध्यभागी एका पन्हळीकडे झुकलेली. इंग्रजीत त्याला फुलपाखरू छप्पर म्हणतात. इज्लिंग्टन, कॅमडेन, हॅकनी इथे अशा रांगाच्या रांगा आहेत. इथे घराच्या मध्यावर, जिथे इतर घरांत सर्वाधिक उंची असते, तिथे सर्वांत कमी असते. खिडकी बसवून किंवा डॉर्मर काढून काहीही साधत नाही, कारण जिना ज्या मध्यात यायचा तिथे पाण्याची पन्हळ आहे. छप्पर उतरवून सत्तर अंशांच्या आसपासच्या कलत्या भिंती उभारणं, म्हणजे मॅन्सार्ड, हाच खरा मार्ग. त्याला नियोजन-परवानगी लागते आणि पूर्वी ती सहजी मिळत नसे. २०२३च्या डिसेंबरात राष्ट्रीय नियोजन धोरणातच योग्य घरांवर मॅन्सार्डला मान्यता द्यावी असं लिहिलं गेलं. मला तो बदल रास्त वाटतो. एकेका घराने भांडून घेतलेल्या वेड्यावाकड्या वाढींपेक्षा अख्ख्या रांगेने एकसारखा मजला चढवणं शहरालाही शोभतं.

इथे एका प्रकारच्या घरांपुढे माझा मुद्दा तोकडा पडतो. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये कारखान्यात जोडलेल्या लाकडी कैच्या वापरात आल्या. बारीक लाकडं, दातेरी लोखंडी पट्ट्या, आणि मधून इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचे तिरके दांडे. छप्पर स्वस्त आणि हलकं झालं, पण माळ्याची पोकळी त्या दांड्यांनी भरून गेली. एकही दांडा कापला तर सगळं छप्पर पसरू लागतं. अशा घरांत पोलादी तुळया टाकून छपराचं वजन आधी दुसरीकडे न्यावं लागतं. बऱ्याचदा उतारही मंद असतो, त्यामुळे एवढं करूनही आढ्याखाली उंची पुरत नाही. या घरांत जिन्याचा प्रश्न नंतर येतो, पहिला प्रश्न लाकडाचा. म्हणून माळा पाहायला आलेल्या अभियंत्याने टॉर्च आधी वाशांवर मारली तर त्याचं चुकत नाही. पण तिथून समाधानाचं उत्तर आलं की दुसरा प्रश्न पुन्हा जिन्याचाच.

जिना महत्त्वाचा मानण्याचं सर्वांत गंभीर कारण आग आहे. दुमजली घरात आग लागली तर वरच्या खिडकीतून उडी मारून माणूस बहुधा जिवंत राहतो. माळ्यावरून ते शक्य नाही. म्हणून माळा राहता झाला की घराचा पूर्ण जिना, वरपासून थेट बाहेरच्या दारापर्यंत, अर्धा तास आगीला दाद न देणाऱ्या भिंतींनी वेढावा लागतो. त्यावर उघडणारी खोल्यांची दारं बदलावी लागतात आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांशी जोडलेले धूर-इशारे बसवावे लागतात. आता खरी अडचण अशी की गेल्या काही दशकांत याच घरांच्या तळमजल्यावरच्या भिंती पाडून बैठक, जेवणघर आणि स्वयंपाकघर एक करण्याची रीत पडली. जिना उतरतो तो थेट त्या मोकळ्या दालनात, गॅसच्या शेगडीपासून चार पावलांवर. अशा घरात माळा करायचा तर पाडलेली भिंत पुन्हा उभारा, किंवा पाण्याचे फवारे बसवा, किंवा जिन्याच्या पायथ्याशी दोन स्वतंत्र वाटा द्या. छपराच्या आकाराची चर्चा करणाऱ्या कुटुंबाला हे कळतं तेव्हा तळमजल्याच्या नव्या फरशीचे पैसे दिलेले असतात.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. लंडनसारख्या शहरात चौरस फूट सोन्याच्या भावाने विकला जातो. परांची एकदाच बांधायची, कामगार एकदाच घरात येणार, मग मिळेल तेवढी जागा का घेऊ नये? यात तथ्य आहे. दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील तर मागचा पूर्ण रुंदीचा डॉर्मर, अगदी मागच्या पडवीसारख्या भागावर वळणारा एल आकाराचाही, मी योग्यच मानेन. पण घराची किंमत वाढते ती वापरता येणाऱ्या खोलीने. जिन्याने खालच्या मजल्यावरची लहान खोली खाल्ली असेल आणि वर तेवढीच एक खोली वाढली असेल, तर बेरीज शून्य होते, खर्च मात्र उरतो. शिवाय साधा मागचा डॉर्मर बऱ्याचदा ४० घनमीटरच्या निम्म्यातही बसतो. उरलेलं घनफळ भरण्यासाठी जे वाढवतात त्यात कपाटं आणि दुसरं न्हाणीघर जातं, आणि घराला वर्षभर गरम ठेवण्याचा खर्च वाढतो.

दुसरा आक्षेप असा की जिन्याची अडचण सोडवायला स्वस्त उपाय आहेत. डाव्या-उजव्या पावलांसाठी आळीपाळीने कापलेल्या पायऱ्यांचा जिना अर्ध्या लांबीत बसतो. नियमही त्याला परवानगी देतात, पण एकाच खोलीसाठी आणि दुसरा जिना बसूच शकत नाही तेव्हा. ज्या जिन्यावर प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागतं तो अभ्यासिकेला चालेल. रात्री झोपेत उतरणाऱ्या मुलासाठी किंवा तान्ह्याला कडेवर घेतलेल्या आईसाठी तो धोका आहे. खालच्या मजल्याचं छत उतरवून वर उंची मिळवणं हा दुसरा उपाय. उंच छतांच्या व्हिक्टोरियन घरात तो नीट जमतो. पण त्यात वरचा मजला काही आठवडे राहण्याजोगा राहत नाही, आणि जुन्या छताचं प्लास्टरकाम कायमचं जातं. हे उपाय वाईट नाहीत. ते घेण्याआधी छपराचा दुसरा प्रकार तपासला का, एवढंच मी विचारेन.

उन्हाळ्याचा मुद्दा आता टाळता येणार नाही. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनने याआधी चाळिशी पाहिली नव्हती. कौलांच्या खाली हलका फोम आणि प्लास्टरबोर्ड असलेली खोली अशा दिवशी लवकर तापते. उतारात बसवलेली पश्चिमेकडची खिडकी दुपारचं ऊन सरळ अंगावर घेते. डॉर्मरची उभी खिडकी त्या मानाने कमी घेते. म्हणून पश्चिमेच्या पाख्यावर रूफलाइट सुचवले तर बाहेरून पडणारा पडदा आणि लाकडी तंतूंचा जड रोधक थर मागावा. आणि एक खिडकी मात्र रूफलाइटच असावी: जिन्याच्या बरोबर माथ्यावर, उघडणारी. गरम हवा जिन्यानेच वर चढते, आणि संध्याकाळी ती खिडकी उघडली की सगळ्या घराची धग तिथून निघून जाते.

शेवटचा प्रश्न माणसांचा, आणि मराठी कुटुंबांत तो बहुधा आई-वडिलांचा असतो. भेटीच्या व्हिसावर ते सहा महिन्यांपर्यंत येऊन राहतात. माळ्याची नवी खोली पाहुण्यांसाठी, असं घरात ठरतं. नवी आहे, न्हाणीघर लागून आहे, मान ठेवल्यासारखं होतं. पण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना दिवसातून चार वेळा दोन जिने चढायला लावणं हा मान नव्हे. वर जोडप्याने जावं आणि पहिल्या मजल्यावरची सुटलेली खोली त्यांना द्यावी. तेव्हा पहिल्या मजल्यावरची ती खोली शाबूत राहणं हे माळ्याच्या रचनेचं पहिलं उद्दिष्ट ठरतं, आणि त्यासाठी जिना जुन्या जिन्यावरच बसायला हवा. मग त्यासाठी पाखं उभारावं लागो की मागे छोटा डॉर्मर काढावा लागो. वास्तुविशारदाकडून पहिल्या भेटीनंतर एकच चित्र मागावं: घराचा उभा छेद, जिन्याच्या मधोमध कापलेला, वरच्या पायरीवर उभ्या माणसासह, आणि त्याच्या डोक्यापासून छतापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं. शेजाऱ्यांना १९९६च्या सामाईक भिंत कायद्याखाली दोन महिन्यांची नोटीस द्यायची असते, कारण पोलादी तुळई त्यांच्याही भिंतीत टेकणार असते. माळ्यावर वटवाघळं राहत असतील तर १९८१च्या कायद्याने त्यांना हुसकावता येत नाही आणि आधी पाहणी करावी लागते. ही सगळी कामं महिन्यांची आहेत. तो छेद एका दुपारी काढून होतो, आणि काही घरांत तो काढल्यावर दिसतं की कुठल्याच प्रकारात जिना बसत नाही. तिथे माळा टाक्या आणि बॅगांसाठी राहू द्यावा आणि त्या पैशांतून खालीच एक खोली नीट करावी.